लघवी किडनीकडे उलटी जाते: चिऊचं ऑपरेशन करायचं की थांबायचं?

प्रश्न : डॉक्टर, आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घरी तिला चिऊ म्हणतात. दीड वर्षाची असताना तिला तीन दिवस १०३ ताप होता. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. शेवटी लघवीत इन्फेक्शन निघालं आणि ॲडमिट करून सलाइनमधून औषधं द्यावी लागली. अडीच वर्षांची झाल्यावर पुन्हा तेच. मग एमसीयू केला (मूत्राशयात नळीने रंग भरून काढतात तो एक्स-रे). लघवी किडनीकडे उलटी जाते असं कळलं. डावीकडे ग्रेड ४, उजवीकडे ग्रेड २ (१ सगळ्यात सौम्य, ५ सगळ्यात जास्त). तेव्हापासून रोज रात्री अँटिबायोटिकचं सिरप चालू आहे. तरी यंदा दिवाळीत ताप आलाच आणि लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू सापडला. त्यानंतर तीन आठवड्यांनी डीएमएसए स्कॅन केला, किडनीचं काम आणि व्रण दाखवणारा. डाव्या किडनीचं काम ४२ टक्के, उजवीचं ५८ टक्के आणि डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला व्रण आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय.

सर्जन म्हणतात, ऑपरेशन करून मोकळे व्हा. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, थांबा, वाढत्या वयात सुधारेल. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीच्या पोटाला सुरी लावू देणार नाही, आधी काढा देऊन बघू. मिस्टर म्हणतात, तू शिकलेली आहेस, तू ठरव. मी झेडपीच्या शाळेत शिकवते. वर्गात उभी असते तेव्हाही डोक्यात हेच. ऑपरेशन केलं आणि गरज नव्हती असं निघालं तर? नाही केलं आणि किडनी गेली तर? तुम्ही स्पष्ट मत द्यावं.

ता. क. : तिला शी दोन-तीन दिवसांनी होते, खडा होतो. चड्डी जराशी ओलसर असते. खेळताना मध्येच टाचेवर उकिडवी बसते. पण ती पहिल्यापासून तशीच आहे.

— एक आई, कराड

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही ता. क. मध्ये लिहिला आहे. ऑपरेशनबद्दल मी स्पष्ट मत देणार आहे, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आधी आत काय होतंय ते समजून घेऊ. किडनीकडून लघवी आणणाऱ्या दोन नळ्या मूत्राशयाच्या भिंतीतून तिरप्या आत शिरतात. भिंतीतला हा तिरपा भाग पुरेसा लांब असला की मूत्राशय भरताना नळी आपोआप दाबली जाते आणि लघवी मागे फिरत नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा मागे येऊ देत नाही, तसं. काही मुलांमध्ये हा भाग जन्मतःच आखूड असतो. मूल वाढतं तसा तो लांबतो, म्हणून ग्रेड १ आणि २ चे बहुतेक रिफ्लक्स (म्हणजे लघवी अशी उलटी जाणं) काही वर्षांत आपोआप जातात. चिऊच्या उजव्या बाजूची मला म्हणूनच फारशी काळजी वाटत नाही. ग्रेड ४ मध्ये नळी आणि किडनीचा आतला भाग फुगलेला असतो. तो आपोआप जाण्याची शक्यता बरीच कमी असते. जातच नाही असं नाही, पण साडेतीन वर्षांच्या मुलीत ‘वाढत्या वयात सुधारेल’ एवढ्या एका भरवशावर बसून राहावं, असं मी म्हणणार नाही.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जंतू नसलेली लघवी थोडी मागे गेली म्हणून किडनी सहसा खराब होत नाही. ती खराब होते जंतू वर पोहोचून ताप आला की, आणि उपचाराला उशीर झाला की जास्तच. त्यामुळे आपलं भांडण त्या तापाशी आहे. एमसीयूच्या फोटोत डावी नळी कशी फुगली आहे ते बघून पोटात गोळा येतो, हे मी शेकडो आयांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. पण तो फोटो साफ करणं हे आपलं काम नाही. चिऊला पुन्हा तापाचं इन्फेक्शन होऊ न देणं, हे आहे. एकदा हे ठरलं की सर्जन काय म्हणतात आणि बालरोगतज्ज्ञ काय म्हणतात, दोन्ही नीट तोलता येतं.

आता ता. क. कडे वळते. ओपीडीत आई-वडील रिपोर्ट पसरून बोलत असतात तेव्हा मी मुलीकडे बघत असते. ती खेळण्यातल्या गाडीशी खेळतेय, आणि मध्येच गाडी हातात तशीच धरून एक टाच खाली घेऊन तिच्यावर बसते. चेहरा स्थिर, ओठ आवळलेले. दहा-पंधरा सेकंद. मग उठून परत खेळायला लागते. आईला वाटतं दमली असेल. ती दमलेली नसते. शूची घाई आली होती आणि तिने टाच लावून ती दाबून धरली. असं दिवसभर चालतं. आत मूत्राशय पिळायला बघतंय आणि बाहेरचं तोंड तिने आवळून धरलंय. आतला दाब वाढतो आणि त्या दाबाने लघवी आणखी जोरात वर जाते. जी उरते ती साचून राहते आणि तिच्यात जंतू वाढतात. मागे गुदाशय खड्यांनी भरलेलं असलं तर ते मूत्राशयाला दाबतं आणि सगळंच बिघडतं. चड्डी ओलसर राहणं हा याच गोष्टीचा भाग आहे. ‘पहिल्यापासून तशीच आहे’ असं म्हणून हे सोडायचं नाही.

याला किती वजन द्यायचं? अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनने २०१० साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. रोजचं अँटिबायोटिक चालू असलेल्या रिफ्लक्सच्या मुलांपैकी ज्यांना शी-शूची अशी तक्रार होती त्यांच्यात इन्फेक्शनचं प्रमाण ४४ टक्के निघालं, ज्यांना नव्हती त्यांच्यात १३ टक्के. म्हणजे सिरप चालू असूनही चिऊला दिवाळीत ताप का आला, याचं एक तगडं कारण तुमच्या घरातच दिसतंय. आणि ही तक्रार तशीच ठेवून ऑपरेशन केलं तर नळीचा व्हॉल्व्ह दुरुस्त होईल, पण मूत्राशयातली इन्फेक्शन्स येतच राहतील. मग घरात सगळे म्हणतील, ऑपरेशन फुकट गेलं.

म्हणून पहिलं काम पोट साफ करण्याचं. दोन पेरू आणि चार मनुके देऊन हे होणार नाही. इतके दिवस साचलेलं आहे. पॉलीएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून रोज द्यायची. सुरुवातीला साचलेलं निघेपर्यंत जास्त, मग शी रोज मऊ होईल एवढी. मात्रा तुमचे बालरोगतज्ज्ञ वजनावर ठरवून देतील. याची सवय लागते, आतडी कमजोर होतात, असं शेजारीपाजारी सांगतील. तसं होत नाही. हे औषध आठवडाभर देऊन बंद करायचं नसतं, काही महिने चालतं. पोट साफ झालं म्हणून लोक पंधरा दिवसांत बंद करतात आणि महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं होतं. त्याच्या जोडीला भाकरी, पालेभाजी, काकडी, फळं, भरपूर पाणी. बाटलीने किंवा पेल्याने दिवसाला तीन-चार वेळा दूध पीत असेल तर ते कमी करा. दुधाने पोट भरतं आणि जेवण राहून जातं.

जेवणानंतर रोज ठरल्या वेळी तिला पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायांखाली पाट द्या. लोंबकळत्या पायांनी लहान मुलाला नीट जोर करता येत नाही, शूही पूर्ण होत नाही. दिवसा दर दोन-तीन तासांनी शूला न्यायचं. ‘आलीय का?’ असं विचारू नका, ती ‘नाही’च म्हणणार. ‘चल, शूची वेळ झाली’ म्हणायचं. झाल्यावर लगेच उठवायचं नाही, एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा करायला सांगायचं. आणि ती बालवाडीत जात असेल तर तिथला संडास स्वतः जाऊन बघून या. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ठाऊकच आहे: कडी लागत नसेल, पाणी नसेल, वास मारत असेल तर मुली सकाळी नऊपासून घरी येईपर्यंत जातच नाहीत. बाईंना सांगून ठेवा की हिला सगळ्यांच्या आधी, विचारायची वाट न बघता पाठवा.

दुसरं, दिवाळीचा ताप. तेव्हा लघवीचा नमुना कसा घेतला होता, हे आठवून बघा. मी हे तुम्हाला दोष द्यायला विचारत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होतं ते मला माहीत आहे. लहान प्लास्टिकची पिशवी चिकटवतात, मूल तासभर शू करत नाही, मग थोडी पिशवीत आणि थोडी बाहेर, त्यात त्वचेवरचे आणि शीचे जंतू मिसळतात, आणि ती बाटली कोणाच्या तरी शर्टाच्या खिशातून दुपारच्या उन्हात लॅबला जाते. अशा नमुन्यात ई. कोलाय वाढला तर तो किडनीतला की कातडीवरचा, हे कोणीच सांगू शकत नाही. पिशवीच्या कल्चरवर ऑपरेशन ठरवायचं नसतं. चिऊ आता मोठी आहे. साध्या पाण्याने धुवायचं, बसवायचं, सुरुवातीची शू जाऊ द्यायची आणि मधली धार निर्जंतुक डबीत धरायची. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. तशी डबी घरात कायम असू द्या. सर्दी-खोकला नसताना १०१ च्या वर ताप गेला की त्याच दिवशी नमुना, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यानंतर. नमुना दिल्यावर मात्र कल्चरच्या रिपोर्टसाठी दोन दिवस औषध अडवून ठेवू नका. किडनी वाचते ती लवकर औषध मिळाल्यामुळे.

हेही बघा, की दिवाळीच्या आसपास सिरप रोज दिलं गेलं होतं का. सुटीत गावी जाणं, बाटली घरी राहणं, हे सगळ्याच घरांत होतं. आणि कल्चरच्या रिपोर्टमध्ये त्या जंतूवर तिचं चालू औषध चालत होतं की नाही, ते डॉक्टरांना विचारा. चालत नसेल तर औषध बदलण्याचा विचार करावा लागेल.

तिसरी गोष्ट स्कॅनची, आणि इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे. डीएमएसए तापानंतर तीन आठवड्यांनी केला गेला. इतक्या लवकर केलेल्या स्कॅनमध्ये ताजी सूज आणि कायमचा व्रण सारखेच दिसतात. व्रण आहे का हे ठरवायचं तर तापानंतर चार ते सहा महिने जाऊ द्यावे लागतात. रिपोर्टमध्ये ‘व्रण’ लिहिलं आहे म्हणून तो आहेच, असं आज धरून चालू नका. नाहीच, असंही नको. ४२ आणि ५८ हे आकडे पण घाबरण्यासारखे नाहीत. दोन्ही किडन्यांचा वाटा साधारण ४५ ते ५५ मध्ये असतो. ४२ म्हणजे डावी थोडी मागे आहे, आणि सूज उतरल्यावर हा आकडा सुधारूही शकतो. सर्जनना नम्रपणे विचारा: ‘स्कॅन पुन्हा करून मग ठरवलं तर चालेल का?’ चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता ज्यावर दोन डॉक्टरांत मतभेद आहे त्याबद्दल. दोघंही मनाने काही सांगत नाहीयेत, दोघांच्याही मागे अभ्यास आहेत. २०१४ साली अमेरिकेत रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज अँटिबायोटिक घेणाऱ्यांत दोन वर्षांत इन्फेक्शन्स साधारण निम्मी झाली. किडनीवरच्या नव्या व्रणांत मात्र फरक पडला नाही, आणि औषध घेणाऱ्यांना जी इन्फेक्शन्स झाली ती जास्त वेळा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची होती. स्वीडनमध्ये त्याआधी २०१० साली ग्रेड ३ आणि ४ च्या २०३ मुलांचा अभ्यास झाला होता. ती मुलं एक ते दोन वर्षांची, म्हणजे चिऊपेक्षा लहान होती, पण त्यातल्या मुलींचे आकडे आपल्याला उपयोगी आहेत: नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलींपैकी ५७ टक्क्यांना दोन वर्षांत तापाचं इन्फेक्शन झालं, रोज औषध घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना, आणि दुर्बिणीतून इंजेक्शन (त्याबद्दल पुढे सांगते) दिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना. म्हणून चिऊचं सिरप ‘काही उपयोग नाही’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आणि ऐंशीच्या दशकात युरोप-अमेरिकेत ऑपरेशन आणि औषध यांची समोरासमोर तुलना झाली. नवे व्रण दोन्हीकडे सारखेच निघाले, पण ऑपरेशन झालेल्या मुलांना तापाची इन्फेक्शन्स साधारण निम्मी झाली.

या सगळ्याचा अर्थ मी असा लावते: पोट साफ असेल, औषध नियमित असेल, ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासली जात असेल, तर थांबण्यात किडनीचं नुकसान नाही. यातलं काही जमत नसेल, किंवा हे सगळं जमूनही ताप येत राहिला, तर ऑपरेशनला घाबरण्याचं कारण नाही.

‘जमत नसेल’ हे मी उगीच लिहिलं नाही. बीडकडचं एक ऊसतोडीचं कुटुंब माझ्याकडे येत असे. मुलीचा रिफ्लक्स जवळजवळ चिऊसारखाच. दिवाळीनंतर सहा महिने फडावर, कोपीत राहायचं. ना फ्रिज, ना लॅब, ताप आला तर मुकादमाकडून उचल घेऊन तालुक्याला जायचं. त्यांना मी ‘चार महिने थांबू’ असं सांगितलं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी ऑपरेशन केलं. रिपोर्ट सारखे असले तरी दोन घरांचा निर्णय वेगळा असू शकतो आणि दोन्ही बरोबर असू शकतात. इंडियन सोसायटी ऑफ पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही हे मान्य केलेलं आहे: मोठ्या ग्रेडच्या रिफ्लक्समध्ये औषध चालू असून वारंवार तापाची इन्फेक्शन्स झाली, किंवा आई-वडिलांनाच रोजच्या औषधापेक्षा ऑपरेशन बरं वाटलं, तर ऑपरेशनचा विचार करता येतो. म्हणजे तुमच्या मताला तिथे जागा आहे.

ऑपरेशन म्हणजे काय तेही सांगते, कारण सासूबाईंच्या डोळ्यांसमोर किडनी कापणं आलं असणार. किडनीला हातही लागत नाही. ओटीपोटावर, चड्डीच्या रेषेत एक आडवा छेद असतो. नळी मूत्राशयापासून सोडवून भिंतीच्या अस्तराखाली पुरेसा लांब बोगदा करून पुन्हा बसवतात. कोहेन या सर्जनने १९७५ मध्ये मांडलेली पद्धत आजही खूप ठिकाणी वापरतात. तीत दोन्ही बाजू एकाच वेळी होतात, त्यामुळे चिऊची उजवी बाजूही त्यातच होऊन जाईल. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांचा रिफ्लक्स याने थांबतो. काही दिवस कॅथेटर (लघवी बाहेर काढणारी बारीक नळी) असतो, लघवी लालसर येते, आणि मूत्राशयाला मध्येच कळा येतात. त्या कळांनी मूल एकदम पाय जवळ घेऊन रडतं आणि आई-वडील हादरतात. त्यावर औषध असतं, मागून घ्या. क्वचित जोडलेल्या जागी नळी अरुंद होते, म्हणून महिना-दीड महिन्याने सोनोग्राफी चुकवायची नाही.

दुसरा मार्ग दुर्बिणीतून नळीच्या तोंडाशी जेल टोचण्याचा. पोटावर छेद नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. पण ग्रेड ४ मध्ये एका इंजेक्शनने साधारण शंभरातल्या साठ-पासष्ट नळ्यांचाच रिफ्लक्स थांबतो, काही वेळा पुन्हा टोचावं लागतं, आणि जेल महाग असतं. ‘टाके नाहीत’ एवढ्यावरून तो निवडू नका. सर्जनना विचारा: तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता, कॅथेटर किती दिवस, नळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक प्लास्टिकची नळी) ठेवणार का, तो काढायला पुन्हा भूल लागेल का. लहान मुलांचेच सर्जन असावेत. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते आधीच विचारून ठेवा.

तर माझं मत असं. आज ऑपरेशनची तारीख घेऊ नका. पुढचे चार महिने पोट, शूच्या वेळा आणि रोजचं सिरप, यात खाडा नको. तापाला चार ते सहा महिने झाले की डीएमएसए पुन्हा. या काळात नीट घेतलेल्या नमुन्यात सिद्ध झालेलं एक जरी तापाचं इन्फेक्शन पुन्हा झालं, किंवा नव्या स्कॅनमध्ये व्रण पक्का दिसून डावीचं काम ४२ च्याही खाली गेलं, तर मी म्हणेन, ऑपरेशन करा, आणि मग सहा महिने आणखी वाट बघत बसू नका. काहीच झालं नाही, ताप नाही, पोट साफ, चड्डी कोरडी, तर थांबा. असं वर्षभर गेलं तर सिरपसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून बघता येतं. दरवर्षी एमसीयू मात्र करू नका. कॅथेटर घालून होणारी ती तपासणी मुलींना फार त्रासाची असते, आणि जिच्या निकालाने निर्णय बदलणार नाही ती तपासणी करायची कशाला? वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, वजन-उंची, गरजेप्रमाणे सोनोग्राफी, एवढं पुष्कळ. रक्तदाब लहान मुलांच्या पट्ट्यानेच मोजायला सांगा. पक्का व्रण असेल तर हे मोठेपणीही चालू ठेवावं लागतं, गरोदरपणात तर नक्कीच.

सासूबाईंना मी हे सांगेन: नात तुमची आहे, तिच्या पोटावर छेद नको वाटतो यात काही चूक नाही. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल द्या. पण आखूड नळी काढ्याने लांब होत नाही, आणि काढा सुरू केला म्हणून रात्रीचं सिरप बंद करायचं नाही. ज्यात काय घातलंय ते सांगता येत नाही अशी पुडी किंवा भस्म किडनीच्या मुलाला द्यायचं नाही. तिला रोज ठरल्या वेळी शीला बसवायचं काम सासूबाईंकडेच द्या. तुम्ही शाळेत असता तेव्हा ते त्यांनाच जमेल.

आणि ‘ऑपरेशन केलं आणि गरज नव्हती तर?’ या प्रश्नाचं उत्तर: वर लिहिल्याप्रमाणे पावलं टाकून ऑपरेशनपर्यंत पोहोचलात, तर ते गरजेचंच असेल. मिस्टरांना मात्र सांगा की ‘तू ठरव’ म्हणून चालणार नाही. पुढच्या भेटीला दोघांनी जायचं, आणि हे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलतील असं बघायचं.

प्रश्न : आमचा मुलगा सात महिन्यांचा आहे. एकदा तापाचं इन्फेक्शन झालं, एमसीयूत दोन्हीकडे ग्रेड ३ रिफ्लक्स निघाला. डॉक्टरांनी सुंता करायला सुचवलं. घरात यावरून वादळ उठलंय. आमच्यात असं करत नाहीत. हे खरंच गरजेचं असतं का? — एक बाबा, नाशिक

उत्तर : डॉक्टरांनी धर्माचा काही विषय काढलेला नाही, हे आधी घरात शांतपणे सांगा. पहिल्या वर्षात मुलाच्या पुढच्या त्वचेखाली जंतू राहतात आणि तिथूनच वर चढतात. सरसकट सगळ्या मुलांची सुंता करून फारसं काही मिळत नाही. साधारण १११ मुलांची केली तर एक इन्फेक्शन टळतं. ज्यांना मोठा रिफ्लक्स आहे त्यांच्यात मात्र चौघांची केली की एक टळतं. म्हणून सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, पण आजच करायलाच हवी असं नाही. त्या त्वचेचं तोंड फार अरुंद असेल तर काही आठवडे लावायचं स्टिरॉइडचं मलम असतं, त्याने बऱ्याच मुलांची त्वचा सैल होते. रोजचं अँटिबायोटिक आणि मलम देऊन बघा. पुन्हा इन्फेक्शन झालं तर मात्र सुंतेला नाही म्हणू नका. त्वचा जबरदस्तीने मागे ओढू नका, मालिशवाल्या बाईंनाही ओढू देऊ नका. त्याने भेगा पडतात आणि त्वचा आणखी आवळते.

याहून महत्त्वाचं एक. दोन्हीकडे रिफ्लक्स असलेल्या मुलग्यात लघवीच्या मार्गात जन्मतःच पडदा तर नाही ना, हे एमसीयूच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नसेल तर डॉक्टरांना विचारा. बाळ शू करताना धार लांब जाते की थेंबथेंब येते, जोर करावा लागतो का, ते बघा आणि त्याचा मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ काढून पुढच्या भेटीत दाखवा. पडदा असेल तर आधी तो काढायचा. सुंतेचं मग बघता येईल.